रुमालाबाहेरचा हात

मी, प्रा. डॉ. चंद्रप्पा वीरण्णा हालकुडे, वय त्रेसष्ट, अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, मूळ गाव उदगीर, हल्ली मुक्काम लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाला शंका असल्यास त्याने कोणत्याही वर्षाची बी.ए.ची प्रश्नपत्रिका घेऊन यावे, मी समोर बसून सोडवून दाखवीन. शरीराबद्दल तेवढी खात्री देता येत नाही. डॉ. नागनाथ उस्तुरगे यांनी गेल्या महिन्यात माझ्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि "सर, हृदय मोठं झालंय" असे सांगितले. चाळीस वर्षांत माझ्याबद्दल असे मत प्रथमच कोणी दिले. घरी येताना मी कागद विकत घेतला.

यापूर्वी, नवा लातूर जिल्हा झाला त्या साली, मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द समजावे. हे लिहायला मी सोमवारी बसलो आणि आज रविवारी संपवतो आहे. मधल्या दिवसांत माझे मत बदलल्यामुळे काही ओळी खोडल्या आहेत. खाडाखोड माझ्याच हातची असून प्रत्येक ठिकाणी माझी लघुसही आहे. स्वच्छ प्रत करा, असे मुलगी म्हणाली. मी केली नाही. विद्यार्थ्याने चुकलेले गणितही वहीत ठेवावे, असे मीच वर्गात सांगत आलो.

कलम एक. माझे वारस दोन. थोरला मुलगा मन्मथ, पाटबंधारे खात्यात अभियंता, राहणार औरंगाबाद. धाकटी मुलगी शरणम्मा, वय तेहतीस, विधवा, माझ्याजवळ राहते. पत्नी रत्नम्मा एक्याऐंशी साली वारली. ती असती तर हा कागद चार ओळींत संपला असता, कारण बाकीचे तिने मला लिहू दिले नसते.

कलम दोन. उदगीरच्या वडिलोपार्जित दुकानातील माझा वाटा मन्मथला द्यावा. हे दुकान माझे वडील वीरण्णा यांच्या अडतीचे. शेतकऱ्याने माल आणायचा, अडत्याने तो व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि आपली अडत, म्हणजे दलाली, घ्यायची, हा आमचा घरचा व्यवसाय. त्यात भाव बोलून ठरत नसे. अडत्या हातावर रुमाल टाकायचा, व्यापारी त्याखाली हात घालून त्याची बोटे दाबायचा. किती बोटे, कोणते पेर, किती वेळा, यावर भाव ठरायचा. शेजारी उभ्या शेतकऱ्याला काही ऐकू येत नसे, दुसऱ्या व्यापाऱ्यालाही नाही. वडिलांनी मला ही भाषा सातव्या वर्षी शिकवली. बाराखडी त्यानंतर आली.

कलम तीन. पुस्तके. एकूण दोन हजारांच्या आसपास आहेत. ज्याला जे हवे त्याने ते न्यावे, पण फुकट देऊ नये. पन्नास पैसे का होईना घ्यावेत. फुकट नेलेले पुस्तक माणूस उघडत नाही, हे मी कॉलेजच्या ग्रंथालयात तेवीस वर्षे पाहिले आहे.

त्यातली उर्दू पुस्तके वेगळी ठेवावीत. मी हैदराबादेत एम.ए. झालो सत्तेचाळीस साली, आणि तेही उर्दूतून. अर्थशास्त्राला आम्ही मआशियात म्हणत असू, मागणीला तलब आणि पुरवठ्याला रसद. एक्कावन्न साली नांदेडच्या नव्या कॉलेजात शिकवायला उभा राहिलो तेव्हा मराठीत पाठ्यपुस्तक नव्हते आणि मला मराठीत अर्थशास्त्र येत नव्हते. रात्री उर्दूतून वाचायचे, सकाळी मराठीत सांगायचे, असे मी पहिले वर्ष काढले. सीमांत उपयोगिता हा शब्द कोणालाही कळेना, म्हणून मी वर्गात भज्यांची पुडी नेली आणि नायगावच्या एका धिप्पाड विद्यार्थ्याला खाऊ घातली. पहिल्या भज्याला त्याचे डोळे मिटले. अकराव्याला तो म्हणाला, "सर, आता बास, जीव नको म्हनून राहिला." मी फळ्यावर उतरती रेषा काढली आणि म्हणालो, प्रत्येक भज्यागणिक घटत गेली ती हीच. त्या वर्गातला एकही विद्यार्थी त्या प्रश्नात नापास झाला नाही. याचा मला आजही अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

नांदेडला दहा वर्षे आणि लातूरला तेवीस वर्षे मी शिकवले. ज्या काळात प्रत्येक प्राध्यापक योजना आणि नियंत्रण यांचे गुणगान गात होता, त्या काळात मी एकटा उभा राहून सांगत होतो की, दोन माणसांनी राजीखुशीने केलेल्या सौद्यात तिसऱ्याने नाक खुपसू नये. माझा पीएच.डी.चा प्रबंध त्रेसष्ट साली परत आला. परीक्षकाने शेरा मारला होता, "उमेदवार अभ्यासकापेक्षा व्यापारी अधिक वाटतो." तो शेरा मी चौकट करून भिंतीवर लावला आणि पाच वर्षांनी तोच प्रबंध दोन प्रकरणे वाढवून मान्य करून घेतला. चौकट मन्मथने न्यावी. सरकारी नोकरीत आहे, उपयोगी पडेल.

कलम चार. घर. हे मी स्वतःच्या पगारातून सहासष्ट साली गावाबाहेर बांधले, त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. माझ्या मृत्यूनंतर हे घर मुलगी शरणम्मा हिला मिळावे, पुढील अटींवर. पहिली, पंधरा वर्षे विकू नये. दुसरी, पुस्तकांची खोली जशी आहे तशी ठेवावी. तिसरी, कोणताही बदल करण्यापूर्वी भाऊ मन्मथ याची लेखी संमती घ्यावी.

(या कलमातील तिन्ही अटी खोडल्या आहेत. नंतर उरलेले वाक्यही खोडले आहे. कारण कलम सातमध्ये. चं. वी. हा.)

कलम पाच. प्रा. शेषेराव ग्यानोबा घोरबांड यांच्याविषयी. हे कंधारकडचे शेतकरी घराण्यातले, पक्के समाजवादी, आमच्या विभागाचे प्रमुख. एकसष्ट साली आम्ही एकाच आठवड्यात लातूरला रुजू झालो आणि दुसऱ्या आठवड्यापासून भांडू लागलो. त्यांनी मला अकरा वर्षे 'सहकाराची तत्त्वे' हा विषय शिकवायला लावला. हे सूडबुद्धीने केले, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या विषयात माझ्या वर्गाचा निकाल विद्यापीठात दोनदा पहिला आला, हीच माझी परतफेड. शहात्तर साली प्राचार्यपद माझ्या हाताशी आले असताना संस्थेने ते दुसऱ्याला दिले. त्यात शेषेरावांचा हात होता असे मी नऊ वर्षे समजत होतो. निवृत्तीनंतर कळले की त्या बैठकीत माझ्या बाजूने बोलणारे ते एकटे होते. त्यांनी हे मला कधी सांगितले नाही. याचाही मला राग आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आमचे भांडण रस्त्यावर आले. तेव्हा ज्वारी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेता येत नव्हती. मी तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी घेऊन जिल्ह्याच्या नाक्यावर गेलो. पलीकडच्या गावात ज्वारीचा एक भाव, अलीकडे त्याच्या जवळजवळ दीडपट, आणि मध्ये एक बांबू आडवा. मी मुलांना म्हणालो, हा बांबू उचलला तर धान्य आपल्या पायांनी चालत येईल. वर्तमानपत्रात पत्र लिहिले. तिकडे शेषेराव खडी फोडण्याच्या कामावर मजुरांची हजेरी नीट लागते की नाही ते बघत उन्हात उभे असायचे. एकदा मला हाताला धरून तिथे घेऊन गेले. म्हणाले, "तुमची ज्वारी चालत येईस्तोवर ह्या बाया काय खातील, ते सांगा की हालकुडे." मी तिथे मजुरांना वाटत होते ती सुकडी खाल्ली. ती मला आवडली होती. हे मी तेव्हा कबूल केले नाही, आता करतो. बांबूबद्दलचे माझे म्हणणे मात्र बरोबर होते आणि बरोबर आहे.

रत्नम्मा गेल्यापासून शेषेराव रोज संध्याकाळी येतात आणि आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो. आमच्या वादाच्या कात्रणांची फाईल त्यांना द्यावी. माझी उत्तरे वरच्या बाजूला लावलेली आहेत, ती तशीच राहावीत.

कलम सहा. हे कलम मालमत्तेचे नाही. पण हे लिहिल्याशिवाय मला सही करता येणार नाही.

मी पासष्ट साली एक सोळा पानी पुस्तिका लिहिली, 'रुमालाखालचा सौदा'. रुमाल बंद करून उघड लिलाव करावा अशी तेव्हा मागणी होती आणि पुढे तसा कायदाही आला. मी लिहिले की, रुमाल म्हणजे दोन माणसांचा खाजगी करार, सरकारने त्यात डोकावू नये, आणि बाजार तर आंधळा असतो, तो हात कोणाचा आहे हे पाहत नाही. व्यापारी मंडळींनी तिच्या दोन आवृत्त्या काढल्या. माझा गावोगाव सत्कार झाला. शेषेरावांनी एकच वाक्य लिहिले, की ज्याचा माल आहे त्यालाच भाव ऐकू येत नाही, हा कसला सौदा. मी त्यांना चार पानी उत्तर दिले. घरचाच धंदा होता, बोटांना सवय होती, म्हणून मला रुमाल दिसलाच नाही, असे आज वाटते.

शरणम्मा माझ्याच वर्गात होती. मन्मथपेक्षा हुशार, आणि मी शिकवलेल्या मुलामुलींत पहिल्या तिघांत. त्र्याहत्तर साली, दुष्काळातच, दुसऱ्या वर्षात असताना मी तिचे लग्न एका तेल गिरणीवाल्या घरी लावून दिले. स्थळ चांगले होते. तिला मी विचारले नाही. राजीखुशीच्या सौद्यावर रोज तास घेणाऱ्या माणसाने घरात हे केले, आणि वर्गात दुसऱ्या दिवशी तोच धडा पुढे चालू ठेवला. पाच वर्षांत जावई काविळीने गेला आणि ती परत आली. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

परत आल्यावर तिने करडई विकत घेऊन घाण्यावर तेल काढून विकायला सुरुवात केली. माल स्वस्त मिळावा म्हणून ऐंशी साली ती स्वतः बाजारात गेली. त्या बाजाराचे नाव लिहीत नाही, तिथली माणसे हयात आहेत. कायदा होऊन इतकी वर्षे झाली तरी तिथे रुमाल चालूच होता. ही ढिगापाशी उभी राहिली. अडत्याने सगळ्या पुरुषांना हात दिला, हिच्यापाशी येऊन थांबला आणि म्हणाला, "ताई, घरच्या गड्याला पाठवा." परक्या बाईचा हात रुमालाखाली कोण धरणार?

ती घरी आली, कपाटातून माझी पुस्तिका काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"अप्पा," ती म्हणाली, "ह्याच्यात माझा हात कुठं बसतो, तेवढं दाखवा."

मी सोळा पाने चाळली. मला ती पाठ होती, तरी चाळली. नंतर म्हणालो, "मी येतो तुझ्याबरोबर. मी तुझा हात होईन."

आणि गेलो. पीएच.डी. झालेला प्राध्यापक सुट्टीच्या दिवशी मुलीसाठी रुमालाखाली बोटे दाबत होता. माझेच जुने विद्यार्थी, आता व्यापारी झालेले, गालात हसायचे. वर्षभर हे चालले. एके दिवशी मी हात पुढे केला तेव्हा शरणम्माने माझे मनगट धरून हात खाली केला. ढिगावर एक पाय ठेवून ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "ह्या करडईचा माझा भाव ऐका!" भाव सांगितला. "ह्याच्यावर कोणी देत असल तर खुशाल त्याला द्या!"

ज्याचा माल होता तो म्हातारा शेतकरी पुढे आला. "बाई, आन्‌ एकडाव सांग," म्हणाला, "आमच्या मालाचा भाव मी पैल्यांदाच ऐकून राहिलो." तिने पुन्हा सांगितला. पुढच्या आठवड्यात चार शेतकरी तिला शोधत आले. सहा महिन्यांत आणखी दोघा व्यापाऱ्यांना तोंडाने बोलणे भाग पडले. मी उभ्या आयुष्यात जे शिकवत आलो ते माझ्या मुलीने एका वाक्यात सांगितले होते, आणि माझी सोळा पाने त्या वाक्याच्या विरुद्ध होती. मी करडईच्या ढिगाआड जाऊन रडलो. अभिमानानेच रडलो, पण लाजही होती.

म्हणून येथे नोंद करतो. रुमालाच्या प्रश्नावर प्रा. घोरबांड यांचे म्हणणे बरोबर होते आणि माझे चूक होते. फक्त रुमालाच्या प्रश्नावर.

कलम सात. गुरुवारी संध्याकाळी शेषेराव साक्षीदार म्हणून आले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही समोर झाली म्हणजे पुरे, असे मी सांगितले. त्यांनी चष्मा लावला आणि वाचला. कलम चारच्या अटींपाशी आले आणि मोठ्याने हसू लागले.

"चंद्रप्पा, अरे हे काय करून राहिलास? नियोजन आयोगाच्यानं एवढ्या अटी झाल्या न्हाईत. मेल्यावर पंधरा वर्षं कारभार करायचाय व्हय तुला?"

मी म्हणालो, घराचा भाव वाढला आहे, कोणीतरी तिला फसवील.

"वाढलाय हाव. बाजारानं न्हाई, सरकारनं वाढवलाय. जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, तवा तुझी गावाबाहेरची जागा रस्त्यावर आली. आन्‌ त्या पोरीला फसवणारा मला दाखव, मी त्याचा सत्कार करतो."

मी पेन घेतले आणि अटी खोडल्या. मोठे काम केले असे वाटून मान वर केली तर शरणम्मा चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. कप ठेवून ती खाली बसली.

"अप्पा, अटी ठेवा न्हाईतर खोडा. तुमची मर्जी. पर अडतीच्या परवान्याचा अर्ज पुढच्या म्हैन्यात भरायचाय. त्याच्यात इचारतेत, सोताच्या नावावर काय हाय? तिथं मी काय लिहू? वडील जिते हायेत, म्हणून काही न्हाई, असं लिहू?"

"दुसऱ्याच्या अडतीवर किती दिस ओरडायचं मी?" ती म्हणाली. "यंदा बी पाऊस न्हाई. जो थोडा माल येईल तो पुन्हा रुमालाखाली जाईल. मला माझं अडतीचं दुकान पायजे, आन्‌ ते तुम्ही बघायला पायजे. तुमच्या मरणाची वाट बघत बसायला लावू नका मला." एवढे बोलून ती रडू लागली. तिची आई गेल्यानंतर मी तिला प्रथमच रडताना पाहिले.

मला फार लाज वाटली. मुलीला जे द्यायचे त्याच्या आड मी स्वतःच बांबू घालून बसलो होतो. कलम चारमधले उरलेले वाक्य मी तिथल्या तिथे खोडले.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघे रिक्षाने दुय्यम निबंधक कचेरीत गेलो आणि घराचे बक्षीसपत्र शरणम्माच्या नावे नोंदवून आलो, बिनशर्त. त्यामुळे घर आता माझ्या मालमत्तेत नाही आणि या मृत्युपत्रात त्याची वाटणी होऊ शकत नाही. मन्मथला फोन लावून मी स्वतः कळवले.

"अप्पा, मला इचारलं तरी असतं," तो म्हणाला.

"इचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

त्याने तो विषय सोडला. मग म्हणाला, "शरणूला सांगा, माळ्यावरची माझी कॅरमची फळी टाकू नको." माझा मुलगा आहे तो. त्याच्याबद्दल मी वर जे तिरकस लिहिले ते खोडत नाही, पण मनावर घेऊ नये.

शनिवारी मी घरमालकिणीला विचारले की मी आता कोठे राहावे. पुस्तकांच्या खोलीत, असे उत्तर मिळाले. भाड्याचे विचारले. नको म्हणेल असे वाटले होते. ती म्हणाली, "भाडं घेणार. दुकान उघडलं की रोज सकाळी दारातल्या फळ्यावर तुम्ही भाव लिहायचे. ठळक. सायकलवरून वाचता आले पायजेत." मी रविवारची सुट्टी मागितली, ती मिळाली. चहा दोन वेळा मागितला, एकदाच मिळाला. सौदा राजीखुशीने झाला असून दोन्ही पक्षांना मान्य आहे.

कलम आठ. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला बसवून समाधी द्यावी, तळहातावर इष्टलिंग ठेवावे. जंगमांनी सांगितलेले सर्व करावे. संस्थेच्या लोकांनी भाषणे करू नयेत. शेषेरावांना बोलायचे असल्यास पाच मिनिटे द्यावीत. ते माझी स्तुती करू लागले तर त्यांना थांबवावे.

कलम नऊ. बँकेत जे काही शिल्लक असेल ते दोन्ही मुलांनी निम्मे निम्मे घ्यावे. काळा कोट आणि घड्याळ निवृत्त शिपाई ज्ञानोबा यांना द्यावे. त्यांनी वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून माझी तेवीस वर्षांची व्याख्याने ऐकली आणि एकदाही जांभई दिली नाही. एवढी हजेरी माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याची नाही.

वरील सर्व मी शुद्धीवर राहून लिहिले, वाचले आणि मला पटले. जे पटले नाही ते खोडले.

लिहून देणार : चंद्रप्पा वीरण्णा हालकुडे (सही)

साक्षीदार पहिले : डॉ. नागनाथ उस्तुरगे (सही). लिहून देणाऱ्यांची प्रकृती तपासली. बुद्धी उत्तम. बोलणे कमी करावे.

साक्षीदार दुसरे : शेषेराव ग्यानोबा घोरबांड (सही). कलम तीन आणि पाचमधील मतांशी पूर्ण असहमत. सही माझ्यासमोर झाली. कलम सहा दोनदा वाचले.

दिनांक : रविवार, २७ सप्टेंबर १९८७

स्थळ : श्रीमती शरणम्मा यांचे घर, लातूर